सुटका आणि घडण

घर नाशिकचं, शरणपूर रोडवरचं. सासरे सीएनआय या प्रोटेस्टंट चर्चचे, सून कॅथलिक. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलंय. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ठेवावी असं सुनेच्या मनात आहे.

"पप्पा, नाशिक रोडला बाळ येशू मंदिरात मम्मींचं नाव देऊ?"

"नको, पोरी. तिचं तारण झालंय. ख्रिस्ताने वधस्तंभावर जे पुरं केलं, त्यात आपण काय भर घालणार?"

"भर नाही हो. पण देवासमोर उभं राहण्याइतकं शुद्ध व्हायला माणसाला वेळ लागतो. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मेलेल्यांसाठी प्रार्थना आहेच की."

"ते पुस्तक माझ्या बायबलात नाही. आपल्या शरणपुराचंच बघ. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशनने इथे सांभाळली. एकाने तरी आपली सुटका कमावली होती का?"

"नाही. पण इथे ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेतला शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या शवासोबत इंग्लंडला गेला. सुटका एका दिवसात झाली, घडायला वर्षं लागली. तीही कृपाच ना?"

"कृपाच. पण एक अक्षर शिकला नसता, तरी जेकब गुलाम नव्हता."

वाद नेमका इथे आहे. कॅथलिक सत्कर्मांनी तारण विकत घेतात, हा समज खोटा. कृपेवाचून, निव्वळ स्वतःच्या कर्मांनी माणूस तरतो, हे मत त्यांच्याच त्रेंतच्या धर्मसभेने १५४७ मध्येच धिक्कारलं होतं. ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिकांनी सह्याही केल्या, की देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने. पण ही कृपा म्हणजे आधी देवाने दिलेला निवाडा, की माणसाच्या आत होत जाणारा पालट, हा प्रश्न घराघरांत उरलाच. मला सुनेचं म्हणणं जवळचं वाटतं. तरी सासऱ्यांची धास्ती खरी आहे: आपण पुरेसे घडलो का, या विचाराने प्रोटेस्टंटांचा आद्य सुधारक ल्यूथर याची झोप उडाली होती.

"आजारपणात तुम्ही रोज मम्मींसाठी मागत होतात, पप्पा."

"तेव्हा ती माझ्यापाशी होती, आता त्याच्यापाशी आहे. आता मागायचं म्हणजे त्याच्या शब्दावर माझा भरवसा नाही असं होईल. आभाराची मिस्सा ठेवता येते ना? ती ठेव, मी येतो."

"येते ठेवता. पण नुसते आभार मानून माझं भागत नाही. मला त्यांच्यासाठी अजून मागायचंय."