नाम आणि कृती : ‘मझ्दा’ या चिन्हाविषयी

अवेस्तातील ‘अहुर मझ्दा’ म्हणजे प्रज्ञावान प्रभू. वैदिक ऋताशी सगोत्र असलेले ‘अश’, म्हणजे सत्य, हे त्याचे तत्त्व. ‘द्रुज’, म्हणजे असत्य, त्याचे विरोधक. हिरोशिमाच्या एका कंपनीने 1931 साली आपल्या तीनचाकी मालवाहू गाडीला ‘मझ्दा-गो’ हे नाव दिले. ते संस्थापक मात्सुदा यांच्या आडनावाशी जुळते, आणि या देवतेवरूनही घेतले आहे, असे कंपनी सांगते. येथे चिन्हक टिकते, चिन्हित गळते. प्रश्न पावित्र्यभंगाचा नाही. असत्याला मूळ शत्रू मानणाऱ्या धर्माचे परमनाम अर्धसत्यावर जगणाऱ्या जाहिरातीच्या भाषेत कशाची ग्वाही देऊ शकते, हा आहे.

याउलट देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था पाहावी. पारशी दातृत्वातून 1936 साली स्थापन झालेली व 1954 पासून देवनारला असलेली ही संस्था ईश्वराचे नाव मिरवीत नाही. सत्कृतीचा जरथुश्ट्री आग्रह मात्र तिच्या जन्मकथेत आहे. अर्थात ‘टाटा’ हेही नामच, आणि 1998 साली ‘इंडिका’ आल्यावर तेही मोटारीच्या जाहिरातीत वावरले. तेव्हा नामाचे मोल उगमावरून ठरत नाही. ते उच्चारणारा कोणत्या कृतीला उत्तरदायी राहतो, यावरून ठरते.