मिसिंग म्हणजे कोण?

माणूस हरवतो तो नेमका कधी? घरातून निघाला तेव्हा, की पोलिसाच्या रजिस्टरात त्याचं नाव चढलं तेव्हा? प्रश्न येड्यासारखा वाटेल. पण मी पनवेलला राहतो, तळोज्याच्या बाजूला मिलमध्ये नाईट मारतो. आमच्याकडं ठेक्यावरचा पोरगा कामावर आला नाही तर मुकादम म्हणतो, "गावी गेला असंल." मस्टरवर त्याचं नावच नसतं. हजेरी नाही म्हणून गैरहजेरीपण नाही. असा माणूस हरवायच्यासुद्धा लायकीचा धरत नाहीत.

मागल्या पावसाळ्यात असाच एक जण आला नाही. त्याच्या आईला घेऊन मी ठाण्यात गेलो. कुठल्या, ते सोडा. टेबलावरचा म्हणाला, चोवीस तास थांबा. मग म्हणाला, दारू पितो काय? मग म्हणाला, राहायला कुठं? म्हातारीनं वस्तीचं नाव सांगितलं आणि त्यानं पेन खाली ठेवलं. पोरगं तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात सापडलं, पाय मोडलेलं. ते असो. माझ्या डोक्यात अडकलेत ते चोवीस तास.

दोस्तहो, चोवीस तास थांबा असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. ही ठाण्याच्या टेबलावर जन्मलेली स्मृती हाय, मनूच्या स्मृतीसारखीच. लिहिणारा कोण, ठाऊक नाही, पाळायची आम्ही. तेवढ्या वेळात दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्र पुसायला लागतं, मोबाईलची बॅटरी संपते, रिक्षावाला चेहरा विसरतो.

आणि ठाण्यात वजन असलं म्हणजे भागतं, असंही नाही. आपल्या पनवेलच्याच कोर्टातला खटला बघा. अश्विनी बिद्रे सहायक पोलीस निरीक्षक. स्वतः खाकीतली बाई. एप्रिल २०१६ मध्ये ती दिसेनाशी झाली. घरच्यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये कळंबोलीत तक्रार दिली. अपहरणाचा गुन्हा दाखल व्हायला जानेवारी २०१७ उजाडलं. संशय होता अभय कुरुंदकर या वरिष्ठ पोलीस निरीक्षकावर. त्याच जानेवारीत, प्रजासत्ताकदिनी, त्याला राष्ट्रपती पदक जाहीर झालं. अटक डिसेंबर २०१७ मध्ये. घरच्यांनी हायकोर्टापर्यंत चपला झिजवल्या. देह आजतागायत मिळाला नाही. तुकडे करून वसईच्या खाडीत टाकला, असं खटल्यात पुढं आलं. २१ एप्रिल २०२५ रोजी पनवेलच्या सत्र न्यायालयानं कुरुंदकरला जन्मठेप दिली. नऊ वर्षं! अधिकारी बाईला नऊ वर्षं, तर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बाईला किती? ती बाई कुठल्या रजिस्टरात, हेच आधी शोधावं लागेल.

नोएडाजवळच्या निठारीत डिसेंबर २००६ मध्ये नाल्यातून पोरांची हाडं निघाली. मजुरांची पोरं. आईबाप कधीपासून ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होते. पुढं १० मे २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, मूल हरवलं तर नुसती मिसिंगची नोंद पुरत नाही, गुन्हा दाखल करा, पळवलंय असं धरून तपास करा. म्हणजे अठराच्या आतल्या पोराला कायद्यानं आधीच किंमत दिली. मोठ्या माणसाला मात्र ती किंमत टेबलावरच्याच्या मर्जीनं मिळते. राज्य माझं देणं लागतं ते मी चांगल्या चालीचा आहे म्हणून, की मी आहे म्हणून? दारूडा, कर्जबुडव्या, भांडून गेलेली बाई, यांना शोधायचं नाही काय? माझं म्हणणं सरळ हाय. चाल विचारावी ती शोधायला उपयोगी म्हणून. शोधायचं की नाही हे ठरवायला नाही.

आता दुसरी बाजू, जी आपण मोर्च्यात बोलत नाही. आपल्यातल्या पोराबरोबर वरच्या जातीची सज्ञान पोरगी स्वखुशीनं गेली की तिचा बापपण मिसिंगच देतो. तिथं चोवीस तास कुणी म्हणत नाही. रातोरात जीप निघते. पोरीला आणून बापाच्या हवाली करतात, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मग आपण काय म्हणायचं? तिची नोंद घेऊ नका? तसं म्हणता येणार नाही, ती खरंच संकटात असू शकते. नोंद घ्या, शोधा, तिला एकटीला विचारा. जिवंत आहे, राजीखुशीनं गेली, एवढंच घरी कळवा. पत्ता तिच्या परवानगीशिवाय देऊ नका. सज्ञान माणसाला मनासारखं लग्न करता येतं, पोलिसांनी त्याला संरक्षण द्यावं, हे सुप्रीम कोर्टानं लता सिंग खटल्यात २००६ सालीच सांगितलंय. हरवलेल्याला शोधणं राज्याचं काम. परत नेऊन बांधणं नाही.

हे मान्य केलं की आपलं कामही अवघड होतं. ठाण्यात जाताना आईबरोबर दोघं जा. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, अंगावरची खूण, फोन नंबर, शेवटचं कुणाबरोबर दिसला, हे लिहूनच न्या. प्रतीवर सही-शिक्का घ्या, तपास कुणाकडं ते नाव विचारा. घातपाताचा संशय असेल तर तो शब्दात लिहा, कारण मग तो गुन्हा होतो आणि हद्द आमची नाही म्हणून कुणी हाकलू शकत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आहे. नाहीच घेतलं तर वरच्या अधिकाऱ्याला पोस्टानं पाठवा, मग मॅजिस्ट्रेट. लहान मुलासाठी १०९८, एरवी ११२.

आणि बाप आपल्या वस्तीतला असला, पोरगी आपली असली, तरी निघायच्या आधी त्याला विचारा, सापडल्यावर तिचं काय करणार आहेस? त्यानं नीट उत्तर दिलं नाही तर नोंद करायला जाच. पण सापडल्यावर तिच्या बाजूला बसायला आपली एक बाई तिथं हजर ठेवा.