पाचशेचा होकार

वेल्हे तालुक्याला सरकारी कागदात आता राजगड म्हणतात. तोरण्याखालच्या वाड्यांतली माणसं मात्र अजून वेल्ह्यालाच जातात. तिथलं पोट भातावर. आषाढात लावणीला माणूस मिळत नाही आणि वैशाखात माणसाला काम मिळत नाही. अशाच एका वैशाखात एका वाडीवर मुकादमाचा टेम्पो आला. गोष्ट कल्पित आहे. टेम्पो तुम्ही पाहिला असेल.

“काम काय?” मावशीनं विचारलं.

“मांडवात बसायचं. माईक पुढं आला की ‘खाण पाहिजे, आमच्या पोरांना काम पाहिजे’ एवढं म्हणायचं. पाचशे रुपये रोज, वडापाव, पाण्याची बाटली.”

“कसली खाण?”

“दगडाची. पलीकडच्या खोऱ्यात. तुझ्या वाडीला काही होत नाही, मावशे.”

मावशी विधवा, ख्रिस्ती. रविवारी नसरापूर, कापूरहोळ करत भोरकडच्या एका लहानशा चर्चला उपासनेला जाणारी. दिवसभर बाजारात उभे राहूनही ज्यांना कुणी कामावर लावलं नाही, त्या मजुरांची येशूनं सांगितलेली गोष्ट तिला पाठ होती, आणि ती आपलीच आहे असं तिला वाटे. दुकानाची उधारी थकलेली. ती टेम्पोत चढली. टेम्पोत चढणाऱ्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या घरातला वैशाख बघून यावा; पुण्यात पंख्याखाली बसून नीतिमान होणं सोपं असतं.

मांडव जनसुनावणीचा होता. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनं हा शिरस्ता घालून दिला आहे: जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, भरवायचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, सगळ्याचं चित्रीकरण, आणि शेवटी जे झालं ते लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. म्हणजे इथं बोललेलं कागदावर उतरतं. तो कागद हवा असतो, म्हणून तर टेम्पो लागतात.

पलीकडच्या खोऱ्यातून पाचसहा जणच आले होते. त्यांच्यातला एक म्हातारा उठला. डोंगराला सुरुंग लागले तर खालचा झरा आटेल, एवढंच तो सांगत होता. मुकादमानं हात वर केला तसा मांडव ओरडला. म्हाताऱ्याचं पुढचं कुणालाच ऐकू गेलं नाही. मावशीही ओरडली. ओरडताना तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो रागावला नव्हता. आपण नक्की काय चुकीचं बोललो, ते शोधत होता.

माईक तिच्यापुढं आला.

“खाण पाहिजे. आमच्या पोरांना काम पाहिजे.” मुकादमानं मान डोलावली. मावशीनं माईक सोडला नाही. “साहेब, हे पाचशेचं झालं. आता माझं फुकटचं लिहून घ्या. मी त्या खोऱ्यातली नाही. त्या झऱ्याचं पाणी मी कधी प्यायले नाही. जे पितात ते हे इथं उभे आहेत. त्यांना बोलू द्या.”

आधी मांडव हसला. मग हसणं थांबलं, कारण लिहिणारा लिहीत होता. संध्याकाळी वाचन झालं तेव्हा तिची दोन्ही म्हणणी त्यात होती, एकाखाली एक. मुकादमानं तिला टेम्पोत घेतलं नाही. तिनं पाचशेची नोट त्याच्या हातात परत ठेवली आणि चालत निघाली. वडापाव मात्र ती खाऊन बसली होती, त्याला इलाज नव्हता.

गोष्ट रविवारच्या आत पाळकांच्या कानावर गेली. त्यांनी उपदेशाला हाच विषय घेतला. येशूला वधस्तंभी द्या म्हणून ओरडणाऱ्यांना पैसे मिळाले असं मत्तय सांगत नाही, ते म्हणाले. मुख्य याजकांनी त्यांना फक्त चिथवलं. पैसे मिळाले ते कबरीवरच्या पहारेकऱ्यांना, शिष्यांनी देह चोरला असं सांगण्यासाठी. आणि इफिसला देमेत्रिय नावाच्या कारागिरानं धंदा बुडेल म्हणून शहर पेटवलं, तेव्हा दोन तास देवीचा जयघोष करणाऱ्यांतल्या बहुतेकांना आपण कशाला जमलो हेच ठाऊक नव्हतं. मग ते आपल्या मुलखावर आले. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला, तेव्हा याच रोहिडखोऱ्यातले उत्रवळीचे खंडोजी खोपडे वतनासाठी खानाकडे गेले. कारीच्या कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडलं आणि शिवाजीराजांच्या बाजूला राहिले. विकलेला आवाज शेजाऱ्याच्या गळ्यावर पाय ठेवतो, असं पाळकांनी बजावलं. उपदेश चांगला झाला.

उपासना सुटल्यावर मावशी पायरीपाशी थांबली.

“पाळकसाहेब, एक विचारू? नाताळात आपण दोन जिपा भरून त्या पुढाऱ्यांच्या कार्यक्रमाला गेलो. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून. त्यांनी आपल्याला कुंपणाच्या भिंतीचा शब्द दिला होता. मी माझी नोट परत केली. हा रोज कुणी परत करायचा?”

समाजाची ताकद दिसली पाहिजे, असं पाळक तेव्हा म्हणाले होते. ते आता त्यांच्या तोंडून निघेना. भाकरी खाऊन मागे लागलेला जमाव आपल्याला राजा करायला निघाला आहे हे ओळखून येशू एकटाच डोंगरावर निघून गेला, हा भाग त्यांनी मंडळीला कितीदा समजावून सांगितला होता. ज्याच्या मागे हजारो माणसं आपण होऊन आली, त्यानं ती कुणाला दाखवायला वापरली नाहीत. इथं तर माणसं जिपेत घालून नेली होती, आणि नेणारा पाळक होता. माझ्या मते मावशीपेक्षा त्यांचा दोष मोठा. तिच्या घरी उधारी होती. चर्च भिंतीवाचून उपाशी नव्हतं.

त्या डिसेंबरात पुढाऱ्यांच्या माणसाचा फोन आला. “यंदा किती माणसं आणाल?”

“एकही नाही,” पाळक म्हणाले. “ज्याला यावंसं वाटेल तो स्वतःच्या पायानं येईल. साहेबांना आमच्याकडे प्रार्थनेला यायचं असेल, तर जागा आहे.”

भिंत झालेली नाही. गुरं अजून चर्चच्या आवारात शिरतात आणि पाळकांनी लावलेली जास्वंद खातात. तुमच्या मंडळीला, मंडळाला, बचत गटालाही असा फोन येईल, किती माणसं आणाल म्हणून. उत्तर आधीच ठरवून ठेवा.