गाय कुणाची?

"गाय, कोंबडी आणि गवत. यांतल्या दोघांची जोडी लावा."

१९७२ साली च्यू नावाच्या एका मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या आणि तैवानमधल्या शाळकरी पोरांना असली कोडी घातली. अमेरिकन पोरांचा कल गाय-कोंबडीकडे, कारण दोन्ही प्राणी. तैवानच्या पोरांचा गाय-गवताकडे, कारण गाय गवत खाते. पाश्चात्य माणूस वर्ग बघतो, आशियाई माणूस संबंध बघतो, असा त्याचा अर्थ पुढे लावला गेला.

वरसे गावातल्या आमच्या ओटीवर हे कोडं मी काकूला घातलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी सांग, गाय कुणाची?"

"कुणाची का असेना, काकू!"

"असं कसं? शेजाऱ्याची असली तर गवत आपलं असणार."

हे उत्तर ऐकून च्यूसाहेबांना वहीत तिसरा रकाना आखावा लागला असता.

मी पडलो बी. कॉम. तत्त्वज्ञानाचं खातं आम्ही उघडत नाही. पण काकूचा प्रश्न मला रोह्याच्या बँकेत काउंटरवर रोज भेटतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतले तात्या पैसे काढायला आले. आजारपणानंतर त्यांचा हात थरथरतो. त्यामुळे स्लिपवरची सही आणि आमच्याकडची सही एकमेकींना ओळखही देत नव्हत्या. मी म्हटलं, "तात्या, सही जुळत नाही. एक फॉर्म भरावा लागेल."

"अरे, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी! माणूस समोर उभा, आणि तू कागदाला विचारतोस हा कोण म्हणून?"

मुद्दा बिनतोड होता. मी पैसे दिले. विलायती नियमापुढे आपला माणुसकीचा विचार उभा केला, या आनंदात चहाही मागवला.

चहा संपायच्या आत वाडीवरची एक कातकरी बाई आली. पासबुकावरचा फोटो पुसट झालेला, कामाने झिजलेला अंगठा नीट उमटेना. मी म्हटलं, "ओळख पटवायला इथला एखादा खातेदार घेऊन या."

ती म्हणाली, "वाडीवर मला समदे वळखतात."

"पण वाडीवरचं कुणाला मी ओळखत नाही ना, बाई."

ती काही न बोलता गेली. दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून कुणाला तरी घेऊन आली. आता मात्र माझा चहा घशात अडकला. तात्यांपुढे मी आशियाई होतो आणि तिच्यापुढे एकदम युरोपियन!

आपल्याकडे नियम माणूस आणि प्रसंग पाहून ठरतो, असं ए. के. रामानुजन यांनी १९८९च्या एका निबंधात मांडलं आहे. त्यांनी दाखला दिला तो मनुस्मृतीचा. तिथे शिवी तीच, पण शिक्षा देणाऱ्याचा आणि खाणाऱ्याचा वर्ण पाहून. म्हणजे 'गाय कुणाची' हेच की! फक्त इथे हसू येत नाही. तीच मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रहात महाडला, आमच्याच जिल्ह्यात, जाळली गेली. ज्याला ओळखणारं कुणी नाही, त्याला माणूस न बघणारा नियमच लागतो. ही गरज काही विलायतेतून आलेली नाही.

रोह्यात लहानपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटेवर गव्हर्नरची सही असते, आणि वचन असतं ते 'धारका'ला. धारक कुठल्या आळीतला, कुणाच्या बारशाला जेवलेला, याची चौकशी नाही. मी आयुष्यभर नोटा मोजल्या, वाचली मात्र एकही नव्हती.

हे सगळं काकूला सांगितलं. मला वाटलं, ती तात्यांची बाजू घेईल. ती म्हणाली, "त्या बाईला बस तरी म्हणालास का?"

नव्हतो म्हणालो. त्याला तर नियमाचीही आडकाठी नव्हती.

हल्ली फॉर्म दोघांनाही देतो, बसायला सांगतो आणि तो मीच भरून देतो. तात्या अजून रागावलेले आहेत. काकूच्या मते, ते गणपतीपर्यंत निवळतील. आरतीला आमच्याकडेच येतात ना!