रंग काढून घेतल्यावर

पानाचा हिरवा रंग काढून घेतला तर जे उरते, त्याला पान म्हणायचे का? प्रश्न पोरकट वाटेल. पण वनस्पतींची कृष्णधवल छायाचित्रे काढणारा प्रत्येक माणूस नकळत त्याचे उत्तर देत असतो. रंग गेला की शिरा वर येतात, देठावरची लव दिसू लागते, बाभळीच्या सालीवरच्या भेगा खोल होतात. उजेड तिरपा असेल तर सागाच्या पानाचा खरखरीतपणा डोळ्यांनाच जाणवतो. रंग हा फार बोलका असतो; तो गप्प बसला की मग पोत बोलू लागतो.

या कामातले मोठे नाव जर्मनीच्या कार्ल ब्लॉसफेल्ट यांचे (१८६५-१९३२). तरुणपणी त्यांनी लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात उमेदवारी केली, पुढे बर्लिनच्या कलाशाळेत तीसेक वर्षे शिकवले. नक्षीकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांना निसर्गातली घडण दाखवायची होती. पण ताजी फुले कोमेजतात, आणि नेच्याची इवलीशी गुंडाळी मागच्या बाकावरून कशी दिसणार? म्हणून स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी कोंब, कळ्या, बीजकोश कित्येक पट मोठे करून टिपले. त्यांच्या चित्रांतले भोपळ्याचे तणावे लोहाराने वळवलेल्या सळईसारखे दिसतात. १९२८ साली ‘कलेची मूळ रूपे’ अशा अर्थाच्या नावाने १२० चित्रांचे पुस्तक निघाले आणि उतारवयात हे मास्तर एकाएकी प्रसिद्ध झाले. वर्गातल्या साधनाला जगाने कला म्हटले, याचे मला शिक्षक म्हणून अप्रूप वाटते. (आमच्याकडे शैक्षणिक साधने तपासणीच्या दिवशीच कपाटातून बाहेर येतात, ती गोष्ट वेगळी.)

पण ब्लॉसफेल्ट कात्री चालवत. आडवी येणारी पाने आणि फांदीची बेशिस्त टोके ते छाटून टाकत. निगेटिव्हवरही हात फिरवत. मग साध्या पुठ्ठ्यासमोर एकटा देठ ताठ उभा राहतो आणि पाहणारा म्हणतो, निसर्ग किती शिस्तीचा! ही शिस्त निसर्गाची की मास्तरांची?

रंग वगळणे आणि पान छाटणे या दोन गोष्टी मी एका तराजूत घालणार नाही. करडे चित्र पाहून कोणी फसत नाही. पान करडे नसते हे लेकरालाही ठाऊक असते, म्हणजे काय वगळले आहे ते चित्र स्वतःच सांगते. छाटलेल्या पानाची मात्र कुठे खूण राहत नाही. ब्लॉसफेल्ट यांच्या चित्रांना वनस्पतीचे लॅटिन नाव आणि ती किती पट मोठी केली तो आकडा जोडलेला असतो. कात्रीचा हिशेब त्यात नसतो. वर्गात तो नसला तरी चालते, कारण मास्तर समोर उभे आहेत, पोर विचारू शकते. पुस्तकाला कोण विचारणार?

इथपर्यंत माझा विचार सरळ चालतो. पुढे कपाशी आडवी येते.

आमच्या भागात कपाशीवर लाल्या पडतो. मॅग्नेशियम कमी पडले की पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग तांबडा होत जातो. पुढे पान वाळते, गळते. हे पान कृष्णधवल करताना काय होते पाहा. जुन्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, तो काळा उतरे. नंतर भिंगापुढे रंगीत काच लावण्याची सोय झाली: हिरवी लावली की हिरवे उजळते आणि लाल गडद होते, लाल लावली की उलटे. आता मोबाइलवर बोट सरकवले की तेच होते. म्हणजे आपण ‘रंग काढला’ असे सहज म्हणतो, तेव्हा कोणता रंग किती काळा व्हायचा हे कोणीतरी ठरवलेले असते. हीसुद्धा कात्रीच, आणि तीही दिसत नाही. हिरवे उजळले तर लाल्याचे पान अप्रतिम दिसते, काळ्या मखमलीवर जरीकाम केल्यासारखे. रोग उरत नाही, नक्षी उरते.

अशा पानाचे फोटो काढू नयेत असे मी म्हणणार नाही. तशी बंदी घातली तर आजारी, वाळलेले, किडीने खाल्लेले काही पाहायलाच नको असे होईल. पण चित्राखाली ‘पान’ एवढेच लिहिणे मला पुरेसे वाटत नाही. ‘लाल्या पडलेले कपाशीचे पान’ असे लिहिल्याने सौंदर्य कमी होईल, हा आक्षेप मी ऐकला आहे. मला तो पटत नाही. नाव वाचून दचकलेला माणूस पुन्हा वर बघतो, आणि या वेळी जरा जास्त वेळ बघतो.

एका परिचिताने काढलेले असे एक चित्र मी आठवीच्या वर्गात फिरवले, खाली काहीही न लिहिता. कोणाला त्यात जाळी दिसली, कोणाला नदीचा नकाशा. कपाशी पिकवणाऱ्या घरातल्या एका मुलाने कागद उजेडात धरला आणि म्हणाला, “सर, ये तो लाल्या है ना?” चित्रात लाल कुठेच नव्हते. मग त्याने विचारले की हे पान कुणाच्या शेतातले. संध्याकाळी मी परिचिताला फोन केला. शटर किती ठेवले होते ते त्याला आठवत होते, शेत आठवत नव्हते.