पुसण्याचा धर्म

मोठेपण सांगण्यात आहे की विचारण्यात? संतसज्जनहो, घरात, दिंडीत, संस्थेत ज्याच्या शब्दाला मान आहे, त्याने हा प्रश्न रोज स्वतःला घालावा. आपली समजूत अशी, की वडिलाने सांगावे आणि धाकट्याने ऐकावे. ज्याला ठाऊक आहे त्याने विचारायचे कशाला? विचारले तर अधिकार उणा होतो, असेही पुष्कळांना वाटते. या शंकेचे उत्तर इतिहास-पुराणांत काय आहे ते पाहू.

संस्कृतात ‘कच्चित्’ असे एक लहानसे अव्यय आहे. ते प्रश्नार्थक खरे, पण नुसता प्रश्न नव्हे. उत्तर चांगलेच यावे, ही विचारणाऱ्याची इच्छा त्यात असते. अमरकोशानेही इच्छा कळविणे हाच त्याचा अर्थ दिला आहे. आजी विचारते, “बाळा, जेवलास ना रे?” त्यातला तो ‘ना’ म्हणजे कच्चित्!

महाभारताच्या सभापर्वात नारदमुनी धर्मराजाच्या नव्या सभेत येतात. त्रैलोक्य हिंडलेला मुनी! उपदेशाचा पाऊस पाडला असता तर कोण अडवणार होते? पण ते विचारीत बसतात. सैनिकांचे वेतन वेळेवर पोचते ना? राज्यात जागोजाग तळी आहेत ना, की शेती नुसत्या पावसाच्या भरवशावर? शेतकऱ्याच्या घरी बियाणे आणि पोटाला दाणा आहे ना? तुझ्यासाठी जे मेले त्यांची बायकापोरे सांभाळतोस ना? आंधळ्या-पांगळ्यांचा तू बाप झालास ना? यात अवघड शब्द एक नाही. पण उत्तर द्यायचे तर राजाला कोठारात, बांधावर, विधवेच्या दारात मनाने तरी जाऊन यावे लागते. सगळे ऐकून धर्मराज म्हणाला, माझी बुद्धी वाढली, आता असेच करीन. मुनींनी आज्ञा एकही केली नव्हती!

रामायणाच्या अयोध्याकांडात, 100 व्या सर्गात, हाच प्रकार. भरत चित्रकूटावर आला आहे. राम त्याला मांडीवर बसवून राज्यकारभाराचे एकेक विचारतो. भरत तर राजा झालेला नाही, होणारही नाही म्हणतो! पण पुढे 14 वर्षे नंदिग्रामात राहून त्यालाच राज्य सांभाळायचे होते. ते प्रश्नच त्याची शिदोरी झाले, असे मी समजतो.

आता गीता घ्या. अठराव्या अध्यायाच्या 72 व्या श्लोकात भगवंत अर्जुनाला विचारतात, एकाग्र चित्ताने ऐकलेस ना? मोह गेला ना? येथेही शब्द तोच, कच्चित्. कोणी म्हणेल, सर्वज्ञाला हे ठाऊक नव्हते काय? शंकराचार्य भाष्यात सांगतात, शिष्याला अर्थ कळला की नाही हे गुरूने जाणून घ्यावे. कळला नसेल तर दुसऱ्या उपायाने पुन्हा समजवावा, हा आचार्याचा धर्म. पाहा, ओझे कोणावर पडले? उत्तर देणाऱ्यावर नव्हे, विचारणाऱ्यावर! साधा प्रश्न विचारणाऱ्यालाच बांधून घेतो. म्हणूनच तो विचारायला आपण भितो.

उलट बाजूही पाहावी. हस्तिनापूरच्या सभेत द्रौपदीने पुसले, धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? पोरालाही समजेल असा प्रश्न. भीष्मांसारखे पितामह म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे, निर्णय करवत नाही. कौरवांतला विकर्ण तेवढा न्यायाचे बोलला, तर कर्णाने त्याला पोरसवदा ठरवून दटावले. सभेत शास्त्र जाणणारे थोडे नव्हते. उणे होते ते धैर्य. ज्या सभेत धाकट्याच्या साध्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, तिचा नाश लांब नसतो.

हल्ली कारखान्यांत, कचेऱ्यांत हाताखालची माणसे कशी घडवावी याचे वर्ग चालतात, आणि तिथे सांगतात, उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा. चांगले आहे. पण मनात कच्चित् नसेल तर तो प्रश्न म्हणजे उलटतपासणी. “काम का झाले नाही?” हाही प्रश्नच, आणि “तुला काय कमी पडले?” हाही प्रश्नच. पहिल्याने माणूस मिटतो, दुसऱ्याने उघडतो.

आपल्या वारीत ही रीत आहेच. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जाऊन विचारतात, काय झाले? ज्याच्या हातात दंड, त्यानेच चालत जाऊन पुसायचे.

तेव्हा दिंडीच्या वडिलाने पंगतीच्या शेवटच्या टोकाला जाऊन “भाकरी पुरली ना?” एवढे विचारावे. मात्र उत्तर “नाही” आले, तर आपल्या ताटातली देण्याची तयारी ठेवूनच विचारावे.