पासोडीवरचा देह

अंबाजोगाईस संत दासोपंतांची जी पासोडी जपून ठेवलेली आहे, ती सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद असून, पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही महाभूते एकमेकांत मिसळून माणसाचा स्थूल देह कसा सिद्ध होतो, हा पंचीकरणाचा गहन विषय तीवर मराठीत लिहून काढलेला आहे. थंडीत अंगावर पांघरावयाच्या वस्त्रावरच देहाची कथा लिहावी, या कल्पनेचे मला फार दिवस नवल वाटत आले आहे. याच गावी मुकुंदराजांची समाधी दाखवितात. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा मानला जातो, आणि संस्कृत न येणाऱ्यासही ब्रह्मविद्येची वाट मोकळी व्हावी, हा त्या मराठी रचनेचा हेतू होता. ज्ञान अधिकारी पुरुषालाच द्यावे असा शास्त्राचा दंडक असता, ज्याला जाणून घ्यावयाची तळमळ आहे तोच अधिकारी, असा अर्थ या भूमीतील संतांनी आपल्या कृतीने लावला.

म्हणूनच, ज्या बीड जिल्ह्यात देहाविषयीचे तत्त्वज्ञान कापडावर उलगडले गेले, तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या विवाहित मुलीस स्वतःच्या देहात गर्भ कसा राहतो आणि तो राहणे कसे लांबविता येते, हे सांगणे धर्म्य की अधर्म्य, असा प्रश्न अजूनही कुजबुजत विचारला जातो याचे मला दुःख होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत या जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम उचल देतो ती नवराबायकोच्या जोडीला, आणि त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मागे गावात तरण्या पोरीला सहा महिने कोणाच्या भरवशावर ठेवावे, ही आईबापांची धास्तीही खोटी नसते. गंमत म्हणून नव्हे, खेदाने आठवते की अंबाजोगाईची योगेश्वरी ही, परळीच्या वैजनाथाशी ठरलेल्या लग्नाचा मुहूर्त टळल्यामुळे, कुमारिकाच राहिली असे सांगतात; देवीचा टळलेला मुहूर्त पूज्य मानणाऱ्या घरांत लेकीचा मुहूर्त मात्र दोन वर्षे पुढे ढकलवत नाही.

संततिनियमनाचा वाद महाराष्ट्रास नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांतील १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. दुसऱ्या बाजूस, डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्यास संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर भेटीस आल्या असता महात्माजींनी साधनांचा निषेध करून संयमाचा पुरस्कार केला. पत्नीने पतीला नकार द्यावयास शिकावे, असा त्यांचा उपदेश होता. संयमाविषयी मला आदर आहे. परंतु संयम हा निवड करणाऱ्याचा गुण आहे. जिला काय घडणार आहे हे ठाऊक नाही, जिच्या नकाराला उसाच्या फडावरील झोपडीत कोणी नकार म्हणून ओळखत नाही, तिच्या बाबतीत संयमाचा उपदेश हा उपदेश राहत नाही, तो केवळ तिच्या असहायतेवर टाकलेला पडदा होतो. कर्व्यांचे सारेच विचार मला पटत नाहीत. तथापि ज्ञानावर बंदी घालून नीती राखता येत नाही, हा त्यांचा मुद्दा या फडावर जितका खरा ठरतो तितका क्वचितच कोठे ठरत असेल.

साधनांची तुलनाही त्याच दृष्टीने करावयास हवी. निरोधने रोगापासूनही संरक्षण मिळते, हा गुण पुढील कोणत्याही साधनात नाही. पण तो वापरणे पुरुषाच्या मर्जीवर, आणि नेहमीच्या वापरात वर्षभरात शंभरांत सुमारे तेरा स्त्रियांस तरीही दिवस जातात. ‘माला’च्या गोळ्या रोज एक, न चुकता घ्यावयाच्या, पहाटे अंधारात उठून मोळ्या बांधणाऱ्या मुलीच्या हातून त्या चुकतात. ‘अंतरा’ची सुई तीन महिन्यांतून एकदा, कोणाच्या नकळतही घेता येण्याजोगी, मात्र वाढत्या वयात तिचा हाडांच्या घनतेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून अठराच्या आत डॉक्टर ती विचारपूर्वकच देतात, आणि बंद केल्यावर पाळी पूर्ववत होण्यास काही महिने लागतात. तांबी अनेक वर्षे टिकते, तिचे अपयश शंभरांत एकाहूनही कमी. पण बसविताना आणि पहिल्या काही पाळ्यांना रक्तस्राव वाढू शकतो, आणि फडावर दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला तो त्रास लहान नसतो. ‘छाया’त संप्रेरक नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोन गोळ्या, पुढे एकच.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी हलका मानीत नाही: साधन हाती दिले की बालविवाह सोयीचा होईल, पोर मूल न होता दोन हंगाम जास्त राबेल, मुकादमाचे फावेल. हे भय खरे आहे. बालविवाह हा गुन्हाच आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अठराच्या आतील पत्नीशी केलेला संबंधही बलात्कारच ठरविला. पण कायद्याचा हुकूम तालुक्याच्या दप्तरातून फडापर्यंत पोचेपर्यंत जी मुलगी तेथे आहे, तिचे काय? पोलिसांत खबर जाईल या भयाने ती दवाखान्यातच जात नसेल, तर कायदा तिच्या रक्षणासाठी असूनही तिच्या वाट्याला येतो तो लपून बसण्याचा मार्ग. लग्न करून देण्याचे पाप आणि गर्भ रोखण्याचे ज्ञान देणे, ही एकाच पारड्यात टाकावयाची कर्मे नव्हेत.

आणि ज्ञान नाकारल्याचे पर्यवसान कशात होते? सोळाव्या-सतराव्या वर्षी पहिले लेकरू, विशीत दोन-तीन, त्यानंतर अंगावर जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत काम बुडाले म्हणून दंड, आणि तिशीच्या आसपास ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल’ हा सल्ला. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. गर्भाशयाविषयी एक अक्षर जिला कोणी सांगितले नाही, तिला ते काढून टाकावयाचे कागद मात्र अंगठ्यासाठी पुढे केले गेले. यात अधर्म कोणता, हे ठरविण्यास पंडिताची गरज नसावी.

धारूरच्या घाटाखालील एका गावी, टोळी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, एका आशाताईंच्या ओट्यावर मी बसलो होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सरपण, पिठाचा डबा आणि शेळी चढवून झाली होती. एक मुलगी आली. अठरा पुरी होऊन तिला दोन महिने झाले होते आणि लग्नाला दोन वर्षे. थोडा वेळ ती ओढणीचे टोक पिळीत राहिली, मग म्हणाली, “ताई, ह्या गोळ्या घेतल्यावर पुन्हा लेकरू व्हतंय का?” तो प्रश्न ऐकून मला जाणवले की, आम्ही जो धर्माधर्माचा निवाडा करीत बसतो त्याच्या पुष्कळ अलीकडे ती उभी होती, तिला फक्त एवढेच हवे होते की आजचा उशीर उद्याचा वांझपणा ठरू नये.

“व्हतंय की गं. गोळी सोडली की व्हतंय,” आशाताई म्हणाल्या, आणि ‘छाया’चे पाकीट उघडून त्यांनी तिला दाखविले. “पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी, त्यो पहिला वार. पहिले तीन महिने दोन वार. पाळी कंच्या वारी यायची तुझी?”

मुलगी विचार करू लागली. “बाजाराच्या वारी,” ती म्हणाली, “त्या दिवशी खर्ची मिळती. अन् दुसरा…” तिने बोटांवर मोजले, चौथ्या दिवसावर येऊन थांबली, आणि ताईंनी पाकिटावर पेनाने त्या वाराचे नाव लिहून दिले.